बेरिलियम गेलं ते बरंच झालं, पण 'जहर' म्हणून नव्हे

फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहत असलेल्या 'इटर' या संमीलन-यंत्राच्या (हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या यंत्राच्या) आतल्या भिंतीला बेरिलियम या हलक्या धातूच्या लाद्या लावायचं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. २०२३ मध्ये बेत बदलला. बेरिलियम गेलं, टंगस्टन आलं. भारत या प्रकल्पात २००५ पासून भागीदार आहे, यंत्राला बाहेरून वेढणारं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट गुजरातेत हझिऱ्याला घडलं, तेव्हा ही बातमी यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कॉलेजांतल्या विज्ञान मंडळांपर्यंत पोचली यात नवल नाही. नवल आहे ते त्यावरून जुंपलेल्या वादाचं. एक पक्ष म्हणतो, "जहर हाय हे ठाऊक होतं, तं लावाले निघालेच काहून?" दुसरा म्हणतो, सुरक्षावाल्यांनी बाऊ केला आणि एक गुणी धातू हातचा घालवला. दोघंही एकाच खुंटीला बांधलेले आहेत. बेरिलियम किती विषारी, एवढ्यावरच दोघांचा निकाल ठरतो. माझं मत असं की बेरिलियम काढलं ते बरोबरच झालं, पण एकट्या विषापायी ते काढावं लागलं असतं असं नाही. ते वितळतं, झिजतं आणि त्याची धूळ होते, ही कारणं जास्त वजनदार आहेत. विषाचा मुद्दा खरा आहे, फक्त तो मांडायची जागा चुकते आहे.

आधी बेरिलियमची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती कोणी मांडतच नाही. संमीलन-यंत्राच्या गाभ्यात १५ कोटी अंश तापमानाचा प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेला वायू, चुंबकीय क्षेत्रात तरंगता धरायचा असतो. भिंतीला तो टेकू द्यायचा नाही, तरी कडेचे कण भिंतीवर आदळतातच आणि भिंतीचे अणू उखडून प्लाझ्मात शिरतात. शिरलेल्या अणूचं पुढे काय होतं, यावर सगळा खेळ आहे. बेरिलियमकडे इलेक्ट्रॉन चारच. गाभ्यात पोचेपर्यंत चारही निघून जातात आणि उरतं उघडं केंद्रक, ते फारशी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर फेकत नाही. टंगस्टनकडे ७४ इलेक्ट्रॉन. इतक्या तापमानालाही त्याचे सगळे निघत नाहीत, आणि जे उरतात ते सतत उत्तेजित होऊन क्ष-किरणं सोडत राहतात. म्हणून बेरिलियम टक्का-दोन टक्के मिसळलं तरी प्लाझ्मा तग धरतो, आणि टंगस्टन मात्र लाख कणांत काही मोजके झाले की गाभा थंड पडू लागतो. शिवाय बेरिलियम ऑक्सिजन शोषून घेतं, त्यामुळे निर्वात पात्र आपोआप स्वच्छ राहतं आणि दर वेळी प्लाझ्मा सुरू करणं सोपं जातं. इटरच्या सहाशेहून जास्त चौरस मीटर भिंतीसाठी सुमारे १२ टन बेरिलियम धरलं होतं, ते कुणाच्या लहरीखातर नव्हे.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. इंग्लंडमधल्या 'जेट' या यंत्रात १९८९ पासून बेरिलियम वापरात होतं. २०११ पासून तर त्याची मुख्य भिंत बेरिलियमची आणि तळाचा डायव्हर्टर (प्लाझ्मातली उष्णता आणि राख बाहेर काढणारा भाग) टंगस्टनचा, अशी इटरची हुबेहूब जोडी तिथे बसवली होती. त्याआधी जेटच्या लाद्या कार्बनच्या होत्या. कार्बन वितळत नाही हे खरं, पण तो हायड्रोजनशी रासायनिक संग करतो, हायड्रोकार्बन होऊन उडतो आणि सावलीच्या कोपऱ्यात थर होऊन बसतो. त्या थरात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचंच एक रूप आणि या यंत्राचं इंधन, अडकतं. १९९७ च्या प्रयोगांत घातलेल्या ट्रिटियमचा मोठा हिस्सा असाच भिंतीत जिरला होता. ट्रिटियम किरणोत्सारी, १२.३ वर्षांचा अर्धायुकाल, निसर्गात जवळजवळ नाहीच. ते असं गडप होऊन कसं चालेल? बेरिलियम-टंगस्टनची जोडी आल्यावर इंधन अडकण्याचं प्रमाण दहापटीहून जास्त घटलं. याच भिंतीत २०२१ मध्ये ५९ मेगाज्यूल आणि २०२३ मध्ये अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा निघाली. "बेरिलियम हा मूर्खपणाच होता" म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांना आधी उत्तर द्यावं.

मग काढलं का? जेटमध्ये जे चाललं ते इटरमध्ये चालेलच असं नसतं म्हणून. बेरिलियम १,२८७ अंशांना वितळतं, टंगस्टन ३,४२२ अंशांना. नेहमीच्या भाराला हा फरक जाणवत नाही. इटरमधल्या बेरिलियमच्या लादीची जाडी सेंटिमीटरभर, मागे तांबे-क्रोमियम-झिर्कोनियमचा थर, त्यात पाण्याच्या वाहिन्या. चौरस मीटरला २ ते ४.७ मेगावॅट उष्णता ती निमूट वाहून नेते. घोळ होतो तो प्लाझ्मा अचानक कोसळतो तेव्हा. इटरच्या प्लाझ्मात पूर्ण ताकदीनं चालताना ३५० मेगाज्यूल उष्णता साठलेली असणार, म्हणजे जवळपास ९७ युनिट वीज. घराच्या मीटरवर एवढी वीज जळायला आठवडे जातात, इथे ती काही मिलिसेकंदांत भिंतीवर ओतली जाते. त्यावर प्लाझ्मातला विद्युतप्रवाह १५ दशलक्ष अँपिअर. तो कोसळताना सुसाट सुटलेले इलेक्ट्रॉन एकाच जागी घुसले तर लादी आतून वितळते. जेटमध्ये वरच्या बाजूच्या बेरिलियमच्या पट्ट्या अशाच कोसळण्यांत वितळल्या. वितळलेला धातू चुंबकीय बलानं सरकला आणि कडेला गोठून त्याचे ओघळ झाले. जेटच्या प्लाझ्मातली ऊर्जा इटरच्या मानाने फारच थोडी होती. इटरमध्ये गोठवलेल्या वायूच्या गोळ्यांचा चुरा प्लाझ्मात फेकून कोसळणं सौम्य करायची व्यवस्था आहे, पण नव्या यंत्राच्या पहिल्या वर्षांत ती शंभरातल्या शंभर वेळा लागू पडेल असं गृहीत धरून भिंत निवडायची का?

दुसरं कारण झिजेचं. गोटीनं गोटी उडते, गोटीनं पाटा हलत नाही. इंधनातला दुसरा हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियम; त्याचा कण हलका, बेरिलियमचा अणूही हलका, त्यामुळे दहाएक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टकरीतही अणू उखडतो. टंगस्टनचा अणू उखडायला त्याच कणाला दोनशेहून जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. जेटचा एक प्रयोग काही सेकंदांचा, इटरचा शेकड्यांनी सेकंदांचा, आणि उद्याचं वीजघर तर दिवस-रात्र चालायचं. तितका वेळ बेरिलियमची भिंत झिजत राहिली तर मुद्दा लादीच्या आयुष्यावर थांबत नाही. उखडलेलं बेरिलियम डायव्हर्टरच्या आतल्या बाजूला जाऊन साचतं, साचताना ट्रिटियम सोबत घेऊन बसतं, आणि थर जाड झाला की त्याचे पापुद्रे सुटून धूळ होते. आता या धुळीवर फुटलेल्या नळीतलं पाणी आलं तर? तापलेलं बेरिलियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे हायड्रोजन सोडतं. ट्रिटियम साठलेल्या बंद पात्रात हायड्रोजन जमणं, आणि कुठून हवा आत शिरली तर त्याचा स्फोट, हा प्रसंग परवाना देणाऱ्यांपुढे मांडायचा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पात्रात किती धूळ आणि किती ट्रिटियम चालेल याला म्हणूनच मर्यादा घातलेली असते. मर्यादा गाठली की यंत्र थांबवा, साफ करा, मग चालवा. बेरिलियम विषारी नसतं, अगदी खडूच्या भुकटीइतकं निरुपद्रवी असतं, तरी ही दोन्ही कारणं जशीच्या तशी उभी राहिली असती. पुढच्या वीजघरांच्या आराखड्यांत भिंतीला बेरिलियम कुणीच धरलेलं नाही. मग ज्या यंत्राचं काम पुढच्या वीजघराची उजळणी करणं आहे, त्यानं वेगळ्याच भिंतीवर उजळणी का करावी?

आता विषाकडे येऊ. बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली की काही माणसांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा तिच्यावर बिथरते. फुप्फुसात बारीक गाठी होतात, दम लागतो, खोकला जात नाही, आणि हे संपर्क आल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वीस-वीस वर्षांनीही सुरू होतं. सगळ्यांना होत नाही. विशिष्ट जनुक असलेल्यांना धोका कितीतरी जास्त. म्हणजे "थोडं गेलं तर चालतं" हा नेहमीचा हिशोब इथे लंगडा पडतो, आणि विषवाल्या पक्षाचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. तो मान्य करायलाच हवा. त्यात १९९३ पासून ते कर्करोगकारक म्हणूनही नोंदलेलं आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या लेपात बेरिलियम असायचं. कारखान्यातल्या मुली आजारी पडू लागल्या, हॅरिएट हार्डी या डॉक्टरांनी १९४६ मध्ये त्या आजाराचा माग काढला आणि १९४९ मध्ये तो लेप बंद झाला. त्याच सुमारास हवेत घनमीटरमागे २ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. ती एका सहकाऱ्याबरोबर टॅक्सीत बसल्या-बसल्या ठरवली, असं ती ठरवणाऱ्या मेरिल आयझेनबड यांनीच पुढे सांगितलं. अमेरिकेत ती ०.२ वर यायला २०१७ साल उजाडलं. सुरक्षेचा बाऊ होतो म्हणणाऱ्यांनी ही जवळपास सत्तर वर्षं जरा डोळ्यांपुढे ठेवावीत.

त्या इतिहासातली एक गोष्ट विदर्भातल्या माणसाला सांगावी लागत नाही. ओहायोतल्या बेरिलियम कारखान्याजवळ आजारी पडलेल्यांत कधीच कारखान्यात पाऊल न टाकलेली माणसं होती. बहुतेकांकडे ती धूळ हवेतून आली, काही घरांत ती धुवायच्या कपड्यांतून आली. आपल्याकडे २०१७ च्या हंगामात काय झालं? यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावर लाल त्रिकोण होताच. हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, हे बारीक अक्षरात छापलेलंही होतं. पण त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत गेलेली. नोझल खांद्याच्या वर धरावं लागे, म्हणजे तुषार पिकावर कमी आणि तोंडावर जास्त. बॅटरीच्या पंपाचा फवारा बारीक, बाहेर उकाडा, टाकीत दोन-तीन औषधं एकत्र. नाकातोंडाला बांधलेला दुपट्टा घामानं आणि औषधानं ओला झाला की तोच कातडीला विष लावून धरतो. संध्याकाळी ते कपडे घरातल्या बाईनं बाकीच्या धुण्यात भिजवायचे. औषधाची विषारीपणाची पातळी आदल्या वर्षीही तीच होती. बदलला होता तो विषाचा शरीरापर्यंतचा रस्ता.

हाच रस्ता बेरिलियमच्या वादात कुणी पाहत नाही. जेटमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ बेरिलियम हाताळलं गेलं ते बाहेरून हवा पुरवलेल्या बंद पोशाखात, वेगळ्या हवा-व्यवस्थेच्या खोल्यांत, आणि पात्रात बहुतेक काम दूरवरून चालवलेल्या यांत्रिक हातांनी. बेरिलियमचा घन तुकडा तळहातावर ठेवला तर काही होत नाही. तो घासा, कापा, वितळवा, मग तो मारतो. स्फोटकांच्या कारखान्यांत ठिणगी न उडणारी जी हत्यारं लागतात त्यांतली बरीच बेरिलियम-तांब्याची असतात. अवकाशातल्या वेब दुर्बिणीच्या मुख्य आरशाचे अठराही तुकडे बेरिलियमचे आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानंही वाशीला हा धातू बनवायची सोय केलेली आहे. धोका हत्यार वापरणाऱ्यापेक्षा ते ग्राइंडरला लावणाऱ्याला, आणि शेवटी त्याचं भंगार वितळवणाऱ्याला. इटरमध्ये तर गंमत अशी की ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग सुरू झाले की १४ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन आतलं पोलाद किरणोत्सारी करून टाकणार. त्यानंतर पात्रात माणूस शिरणारच नाही, भिंत बेरिलियमची असो की आणखी कशाची. तेव्हा बेरिलियमच्या विषाचा जाच खरा कुठे होता? लाद्या घडवणाऱ्या कारखान्यात, जोडणीच्या वर्षांत, आणि सुरुवातीच्या प्रयोगांनंतर माणसं आत जाऊन दुरुस्ती करणार होती त्या काळात. तिथे टंगस्टननं काम खरोखर सोपं केलं. ज्या टप्प्यात रोज शेकडो माणसं आत-बाहेर करणार, त्या टप्प्यातून ही धूळ वगळणं शहाणपणाचंच. फक्त याला "संमीलन विषारी असल्याचं सिद्ध झालं" असं नाव देऊ नये, एवढंच.

"एवढी वर्षं घालवून आता सुचलं का?" हाही प्रश्न उगाळला जातो. इटरनं असं पहिल्यांदा केलेलं नाही. डायव्हर्टरला आधी कार्बन लावायचा आणि पुढे टंगस्टन, असा मूळ बेत होता; २०१३ मध्ये पहिल्यापासूनच टंगस्टन असं ठरलं. त्यामागे जर्मनीतल्या यंत्राचा अनुभव होता, तिथे २००७ पासून पूर्ण टंगस्टनची भिंत होती. जेट, जर्मनी, फ्रान्स, चीन या सगळ्यांकडून आलेल्या आकड्यांवर आराखडा बदलणं यात नामुष्की कसली?

पण टंगस्टनचे ढोल पिटणाऱ्यांनाही हिशोब द्यावा लागेल. टंगस्टन थंड असताना ठिसूळ, आणि १,२०० अंशांच्या पुढे बराच वेळ ठेवलं तर त्याचे स्फटिक नव्याने वाढून आणखीच ठिसूळ. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं त्याचं थोडं-थोडं रेनियम होत जातं. शीतकरण गेलं आणि गरम टंगस्टनला हवा लागली तर त्याचा ऑक्साइड उडून जाऊ शकतो. बेरिलियम ऑक्सिजन शोषायचं ते काम टंगस्टन करत नाही, म्हणून इटरच्या भिंतीला अधूनमधून बोरॉनचा पातळ लेप द्यावा लागणार. तो लेप द्यायचा डायबोरेन वायूतून. डायबोरेन म्हणजे हवेत आपोआप पेट घेऊ शकणारा आणि कामाच्या जागी दहा लाखांत ०.१ भाग एवढीच मुभा असलेला विषारी वायू! बोरॉनच्या लेपातही ट्रिटियम अडकतं आणि त्याचीही धूळ होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फान थांबवलं, पुढे कृषी केंद्राच्या फळीवर त्या जागी दुसरे डबे आले; यवतमाळनंतर काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, तेव्हाही तेच. नाव बदललं म्हणजे जोखीम संपली असं समजणारे विज्ञान मंडळातही असावेत, याचं वाईट वाटतं. भिंत गाभ्याला दूषित करू नये म्हणून मायक्रोवेव्हची तापवणारी यंत्रणाही मूळ बेतापेक्षा वाढवावी लागली आहे, आणि पहिल्या टप्प्यात पाण्याशिवाय थंड होणारी तात्पुरती टंगस्टनची भिंत लावून आधी प्लाझ्माची चाचपणी करायची, असं ठरलं आहे. वेळापत्रकात संशोधनाची सुरुवात २०३४ आणि ड्यूटेरियम-ट्रिटियम २०३९ अशी सरकली ती भिंतीमुळेच नव्हे, पण भिंतीचाही त्यात वाटा आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनचं खनिज आहे, हे या वादात अभिमानानं पुढे केलं जातं. आहे, खरं आहे. पण दगडात त्याचं प्रमाण टक्क्याच्याही खाली, आणि खनिजापासून डायव्हर्टरच्या ठोकळ्यापर्यंतचा प्रवास लांबचा आहे: दगड दळा, खनिज वेगळं करा, रासायनिक शुद्धी करा, हायड्रोजनमध्ये भुकटी बनवा, ती दाबून-भाजून पत्रा लाटा, ठोकळे कापा आणि ते तांब्याच्या नळीला असे जोडा की चौरस मीटरला १० मेगावॅट भार आला तरी सांधा सुटू नये. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अशा ठोकळ्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. या साखळीत आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला पहिली पायरी आली तर तिच्यासोबत सिलिकाची धूळ येईल. भंडारा-नागपूरच्या मॅंगनीज खाणींच्या पट्ट्यात धुळीची ओळख नव्याने करून द्यायला नको. खाण आणा म्हणताना ड्रिलवर पाणी सोडलं जाईल का आणि मजुराच्या छातीचा एक्स-रे कोण काढेल, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. चीनकडे जगातल्या टंगस्टनचा सुमारे ८० टक्के पुरवठा आहे आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यानं निर्यातीवर नियंत्रण आणलं, तेव्हा ही मागणी जोर धरणारच.

आणि बेरिलियमचा खरा मोठा प्रश्न भिंतीवर नव्हताच, तो भिंतीच्या मागे आहे. संमीलन-वीजघराला आपलं ट्रिटियम स्वतः बनवावं लागतं. त्यासाठी भिंतीमागच्या वेष्टणात लिथियम ठेवायचं, न्यूट्रॉन त्यात घुसून ट्रिटियम तयार होतं. पण एका संमीलनातून न्यूट्रॉन एकच निघतो आणि त्यातले काही वाया जातात, म्हणून न्यूट्रॉन वाढवणारं काहीतरी लागतंच. बेरिलियमला जोरकस न्यूट्रॉन लागला की त्याचे दोन होतात. युरोपच्या एका आराखड्यात यासाठी बेरिलियम किंवा त्याचं टायटॅनियमबरोबरचं संयुग वापरायचं आहे, तेही काहीशे टन. जगाचं वर्षभराचं उत्पादन सुमारे तीनशे टन आणि त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेत. बेरिलियममध्ये निसर्गतःच किंचित युरेनियम असतं, ते न्यूट्रॉनच्या माऱ्यात राहून शेवटी कचऱ्याची विल्हेवाट अवघड करतं. शिवाय न्यूट्रॉन लागून बेरिलियमच्या आत हेलियम साठतो आणि ते फुगतं. बारा टनांवरून एवढा गदारोळ करणाऱ्यांना या शेकडो टनांची खबरच नाही! भारतानं इटरमध्ये तपासण्यासाठी निवडलेल्या वेष्टणात हे काम वितळलेलं शिसे-लिथियम करतं. तिथे बेरिलियम टळतं, पण शिसंही विषच, आणि न्यूट्रॉनच्या माऱ्यात शिशापासून बिस्मथ आणि बिस्मथपासून पोलोनियम-२१० हे जहाल किरणोत्सारी द्रव्य तयार होतं. म्हणजे त्या वाहत्या धातूतून बिस्मथ सतत काढत राहावं लागेल, पंपाची सील बदलणाऱ्याच्या हातापर्यंत काय पोचतं ते मोजावं लागेल, आणि ते मोजणारा माणूस यंत्र चालवणाऱ्याच्या पगारावरचा नसावा लागेल.